‘आभासी गळती’ म्हणावं का?

विचारणा:
संलयन (फ्यूजन) भट्ट्यांच्या निर्वात पात्रांवर विद्यार्थ्यांसाठी मराठीत लिहितोय. ‘व्हर्च्युअल लीक’साठी ‘आभासी गळती’ लिहिलं, पण मन घेत नाही. आणि टिग वेल्डिंगला ‘टंगस्टन निष्क्रिय वायू वितळजोडकाम’ लिहायचं का?

प्रतिसाद १:
एवढं लांबण नको. भोसरीत काय, अंबडला काय, वर्कशॉपात त्याला ‘आर्गन’च म्हणतात. पण लेखात नुसतं ‘आर्गन’ लिहिलंत तर घोळ होईल, कारण स्टेनलेसच्या पात्राला वेल्डिंग करताना मागच्या बाजूनेही आर्गन वायू सोडावा लागतो, नाहीतर मुळाशी धातू जळून काळा पडतो. ‘टिग’च ठेवा, बोलीतलं नाव एकदा सांगून टाका.

प्रतिसाद २:
‘आभासी’ मलाही खटकतं. दोन प्लेटा आतून-बाहेरून दोन्हीकडे सलग वेल्ड केल्या की मधल्या फटीत हवा कोंडते. आतल्या वेल्डमध्ये बारीकसं छिद्र राहिलं असेल तर ती तिथून पात्रात झिरपत राहते. पंप चालूच, दाब काही उतरत नाही. गळती शोधायला बाहेरून हेलियम फवारा, पात्रात शिरणारा हेलियम टिपणारा डिटेक्टर गप्प! म्हणूनच सलग वेल्ड निर्वाताच्या बाजूला घालतात, आणि बळकटीसाठी बाहेरही वेल्ड लागत असतील तर तिथे तुटक टाके देतात. ‘आभासी’ वाचून पोरं म्हणतील, गेज खोटं दाखवतंय. वायू तर खराच येतोय, फक्त बाहेरून येत नाही. मी ‘कोंडगळती’ लिहीन.

विचारणा करणारा:
‘कोंडगळती’ झकास! आरपार नसलेल्या भोकात स्क्रू बसवला की तळाशी हवा अडकते, तिथेही चालेल. आता ‘इलेक्ट्रॉन बीम’ वेल्डिंगमधल्या बीमला शलाका की झोत?

प्रतिसाद १:
शलाका. ‘झोत’ म्हटलं की पसरट काहीतरी डोळ्यासमोर येतं, आणि इथे सगळी मदार अरुंदपणावर आहे. फ्रान्समधल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय संलयन प्रकल्पाचं पात्र ९ भागांचं, एकेक भाग सुमारे ४४० टनांचा, भिंत दुहेरी. एवढ्या जाड पोलादात टिगने थरावर थर चढवले की उष्णता साचते आणि प्लेट ओढली जाते. पुस्तकी भाषेत ‘विरूपण’ म्हणा, पण ‘प्लेट ओढते’ जास्त कळतं. शलाका अरुंद आणि खोल जाते, म्हणून ओढ कमी. युरोपात बनणाऱ्या भागांसाठी ती वापरली आहे. गंमत म्हणजे हे वेल्डिंग सहसा निर्वातातच करावं लागतं, हवेत शलाका विखुरते.

प्रतिसाद ३:
इटरचा क्रायोस्टॅट, म्हणजे त्या पात्राभोवतीचं आतली थंडी राखणारं मोठं बाहेरचं पात्र, आपल्याकडचा आहे, एल अँड टीने गुजरातेत हजिऱ्याला केलेला. तुकडे तिकडे नेऊन जोडले. तोही निर्वात पात्रच, तेव्हा लेखात दोन्ही पात्रांची नावं वेगळी ठेवा. आणि ‘कोंडगळती’ पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘व्हर्च्युअल लीक’ द्याच, मॅन्युअलमध्ये पोरांना तोच शब्द भेटणार आहे.