मूल्यमापन सुधारण्यासाठी छोटं अनुदान मिळतंय, अर्जात नक्की काय मागू?

प्रयोगवही:

मी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते, बारा वर्षं झाली. पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं माझ्याकडे असतात. यंदा आमच्याकडे अध्यापकांसाठी छोटी अनुदानं जाहीर झाली आहेत. विद्यार्थी खरोखर काय शिकले हे तपासण्याची पद्धत सुधारण्यासाठीच ती वापरायची आहेत. मुदत एक वर्षाची, अर्ज तीन पानांचा. रक्कम एखादं बरं उपकरण घेतलं की संपेल एवढीच.

मला हे का हवंय ते आधी सांगते. गेल्या सत्रात आम्ल-अल्कली टायट्रेशनच्या (एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबानं घालून तीव्रता मोजण्याच्या प्रयोगाच्या) दिवशी सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण जुनं निघालं. बाटलीचं बूच नीट बसलेलं नव्हतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची तीव्रता उतरली होती. माझ्या हे लक्षात आलं ते वर्ग सुटल्यावर. सगळ्याच गटांची ब्युरेटवरची (द्रावण मोजून सोडायच्या काचेच्या नळीवरची) रीडिंग अपेक्षेपेक्षा मिलिलिटरभर जास्त होती, पण प्रत्येक गटाची आपली आपली रीडिंग मात्र ०.१ मिलिलिटरच्या आत जुळत होती. म्हणजे मुलांचा हात छान बसला होता, चूक बाटलीत होती.

वह्या तपासायला घेतल्या, तर चर्चेच्या भागात जवळजवळ प्रत्येकाचं एकच वाक्य: ‘मानवी चुकांमुळे उत्तरात फरक आला.’ एका मुलीनं तिन्ही रीडिंग खोडून वर अपेक्षित उत्तराशी जमतील असे आकडे लिहिले होते. खोडलेलं अजून वाचता येत होतं: २१.४, २१.४, २१.५. किती सुरेख टायट्रेशन केलं होतं तिनं! आणि आमच्या गुणपद्धतीत दहातले चार गुण ‘अचूक उत्तरा’ला आहेत, म्हणजे खोडल्यामुळे तिला जास्तच गुण मिळाले असते. ती वही हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. हे तिला आम्हीच शिकवलं.

विभागातले सहकारी म्हणतात, टॅब्लेट आणि गुणनोंदीचं सॉफ्टवेअर मागा, मंजुरी लवकर मिळते. माझं मन घेत नाही. ज्यांनी असे अर्ज केले किंवा तपासले आहेत त्यांनी कृपया सांगावं.

तिसरा तास:

मॅडम, तुमचं मन बरोबर सांगतंय. असं अनुदान मी एकदा घेतलंय आणि नंतर चार वर्षं निवड समितीवर होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मला अनुदान मिळालं तेव्हा मी वर्गात बटणं दाबून उत्तरं देण्याची यंत्रं घेतली. मुलं खूश, वर्ग जिवंत. वर्ष संपल्यावर अहवालात ‘मुलं काय जास्त शिकली?’ असा रकाना होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. यंत्रं येण्यापूर्वी मुलांना काय येत होतं हे मी मोजलंच नव्हतं. शेवटी ‘तुम्हाला हे आवडलं का?’ या प्रश्नावलीचे आकडे भरले. आवडणं आणि शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समितीला ते पहिल्याच वाक्यात कळतं.

समितीवर बसल्यावर दिसलं की चांगला अर्ज एका विशिष्ट अडचणीपासून सुरू होतो. तुम्ही वर लिहिलेला परिच्छेद, खोडलेल्या आकड्यांसकट, तसाच्या तसा अर्जात घाला. ‘एकविसाव्या शतकातील कौशल्ये’ वगैरे प्रस्तावना लिहू नका. तीन पानांतलं एक पान त्यातच जातं.

आता पैशाचं. या रकमेत विकत घेण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे माणसांचा वेळ. प्रात्यक्षिकं घेणारे तुम्ही पाच-सहा जण एका टेबलाभोवती दोन दिवस बसा. मुलांच्या वीसेक जुन्या वह्या घ्या, नावं झाकून. प्रत्येकानं स्वतंत्रपणे तपासायच्या, मग बोलायचं. ज्या वहीला एकानं नऊ दिले आणि दुसऱ्यानं पाच, तिच्यावर तासभर घालवा. खरं काम तिथे होतं. ‘चांगली चर्चा’ म्हणजे प्रत्येकाच्या मनात काय आहे ते बाहेर येतं आणि त्यातूनच रुब्रिकची, म्हणजे कोणत्या पातळीच्या कामात काय दिसायला हवं हे सांगणाऱ्या तक्त्याची, भाषा मिळते. इंटरनेटवरून उतरवलेल्या रुब्रिकमध्ये ‘उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक’ असतं, त्यावरून मुलाला काहीच कळत नाही. तुमच्या रुब्रिकची वरची पातळी अशी काहीतरी असावी: ‘रीडिंग जुळतात पण उत्तर सरकलेलं आहे, हा फरक ओळखतो, संभाव्य कारण सांगतो, ते पडताळायला काय करणार ते लिहितो.’ तुमच्या उदाहरणात पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट (नेमकं वजन करून घेता येणारं घन आम्ल) वापरून द्रावणाची तीव्रता पुन्हा ठरवणं हे ते उत्तर. एकाही मुलानं तसं लिहिलं असतं तर तुम्हाला त्याच दिवशी कळलं असतं.

आणि हो, ‘अचूक उत्तरा’चे चार गुण आधी हलवा. त्याला अनुदान लागत नाही.

खडूची धूळ:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. एक भर घालते. पहिल्या मसुद्यावर गुण देऊच नका, फक्त शेरे द्या. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. नुसते शेरे मिळालेल्या मुलांचं काम आणि गोडी दोन्ही वाढली. शेऱ्यांबरोबर गुणही दिले तर शेऱ्यांचा फायदा जवळपास नाहीसा झाला. मुलं आकडा बघतात आणि वही मिटतात. मी निबंधांसाठी हे करते. पहिले दोन आठवडे मुलं ‘मॅडम, पण किती मिळाले?’ म्हणून मागे लागतात, मग शेरे वाचायला लागतात.

आकडेमोड:

मी संख्याशास्त्रातला, म्हणून तेवढंच बोलतो.

अर्जात ‘तपासणाऱ्यांचं किती टक्के जुळलं’ असं लिहिणार असाल तर जरा जपून. समजा दोनच पातळ्या आहेत आणि दोन्ही तपासनीस वही न उघडता शंभरातल्या नव्वद वह्यांना खालची पातळी देतात. तरी निव्वळ योगायोगानं त्यांचं ८२ टक्के जुळेल. तुमच्याकडे ‘मानवी चूक’वाल्या वह्याच जास्त असल्यानं नेमकं असंच होईल. यासाठी कोहेन यांचा ‘कॅपा’ (kappa) हा गुणांक वापरा. तो १९६० चा आहे, गणित सोपं आहे, योगायोगाचा भाग वजा करतो. तुमच्या पातळ्या चढत्या क्रमाच्या असतील तर त्यांनीच १९६८ मध्ये मांडलेला भारित कॅपा घ्या. पहिली आणि दुसरी यांतली गल्लत आणि पहिली आणि चौथी यांतली गल्लत त्यात सारखी धरली जात नाही.

दुसरं, सत्राच्या सुरुवातीला मोजाच. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र मांडले ते आठवा. सुरुवातीला आणि शेवटी एकाच धर्तीची चाचणी झाली होती म्हणून ते शक्य झालं. त्यांनी वाढ अशी मोजली: जितकं शिकायचं बाकी होतं, त्यातलं किती शिकले. सुरुवातीला सरासरी ४० टक्के आणि शेवटी ५५ असेल, तर ६० पैकी १५, म्हणजे ०.२५. नुसती व्याख्यानं होती तिथे ही सरासरी ०.२३ होती, मुलांना वर्गात विचार करायला आणि बोलायला लावलं तिथे ०.४८. पण हे सूत्र गुणांच्या चाचणीसाठी आहे, चार पातळ्यांच्या रुब्रिकला लावू नका. तिथे प्रत्येक पातळीवर आधी किती मुलं होती आणि नंतर किती, एवढा तक्ता पुरे.

प्रयोगवही:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अर्जाचा पहिला मसुदा लिहिला. टॅब्लेट काढून टाकले.

सत्राच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात मुलांना एका पानावर दुसऱ्या कुणाची तरी रीडिंग देणार. तीन जुळणारी, पण उत्तर सरकलेलं. प्रश्न एकच: ‘काय झालं असेल, आणि खात्री कशी कराल?’ वीस मिनिटं, गुण नाहीत. दोन्ही वेळी प्रयोग वेगळा, नाहीतर मुलं उत्तर पाठ करतील.

दोन शंका उरल्या. प्रात्यक्षिकं घेणारे निम्मे सहकारी तासिकेवर आहेत. दोन दिवस बसायचं तर त्यांना मानधन मिळायला हवं, फुकट बोलवायला मला लाज वाटते. आणि मुलांच्या वह्या वापरायला परवानगी लागेल का?

तिसरा तास:

मानधन मागाच, आणि तेच सगळ्यात वर लिहा. किती जण, किती तास, त्यात किती वह्या तपासून होणार, असा हिशेब मांडा. काही योजनांत कायम अध्यापकांना मानधन चालत नाही, तासिकेवरच्यांना चालतं. नियमपत्र नीट वाचा, शंका असेल तर कार्यालयाला लेखी विचारून उत्तर अर्जाला जोडा.

परवानगीचं म्हणाल तर फक्त शिकवणं सुधारायला वापरणार असाल तर बहुतेक ठिकाणी विभागप्रमुखांची संमती आणि नावं झाकणं एवढ्यावर भागतं. पुढेमागे लेख लिहायचा विचार असेल तर नैतिकता समितीकडे आत्ताच जा. गोळा केलेल्या माहितीला मागाहून मंजुरी मिळत नाही.

अर्जाच्या शेवटी एक परिच्छेद ठेवा: निष्कर्ष मिळाल्यावर काय बदलणार, कोण बदलणार, कोणत्या महिन्यात. समितीत आम्ही तो आधी वाचायचो. बहुतेक अर्जांत तो नसायचाच.

प्रयोगवही:

हो, तो लिहिते. पुढच्या वर्षीची गुणपद्धत ठरवणारी बैठक सत्र संपल्यावर तीन आठवड्यांनी असते, तीच तारीख धरली आहे.

त्या मुलीला आज भेटले. तिची वही नाव झाकून सहकाऱ्यांना दाखवू का, असं विचारलं. आधी घाबरली. तिला म्हटलं, तुझी खोडलेली रीडिंग बरोबर होती. तिनं वही घेतली, ते तीन आकडे बोटानं चाचपले आणि विचारलं, ‘मग बाटलीत काय झालं होतं?’ आम्ही दोघी तासभर प्रयोगशाळेत होतो. थॅलेट तिनंच वजन करून घेतलं.