व्हिटली पुरस्कार आला की नावाडी कुठे जातो?

टेकडीवर_रोज (कोथरूड): दरवर्षी लंडनला वन्यजीव संवर्धनाचे व्हिटली पुरस्कार जाहीर झाले की अभिनंदनाचे फॉरवर्ड सुरू. मला खुपतं ते वेगळंच. फील्डवर्क कधी एकट्याचं असतं का? एमएस्सीच्या प्रबंधासाठी दोन उन्हाळे मी उजनीच्या काठी काढले. कुंभारगावचा नावाडी बांबू गाळात रोवायचा, ओला भाग वितीने मोजायचा नि म्हणायचा, "उद्या रोहित पक्षी पलीकडं उतरतील." उतरायचेच! माझ्या तक्त्यात ते 'निरीक्षण' झालं. ऋणनिर्देशात गाईड, आईबाबा, झेरॉक्सवाला सुद्धा. नावाडी नाही.

भूगोलवाली: चूक तुमची नि खापर पुरस्काराच्या डोक्यावर? पूर्णिमादेवी बर्मन बघा. आसामात हरगिला नावाच्या करकोच्याच्या घरट्याचं झाड तोडलं, पिल्लं खाली पडली. बाईंनी पीएचडी लांबवली आणि गावात ठाण मांडलं. ज्या करकोच्याला लोक अपशकुनी म्हणत, त्याचं आता गावच्या बायका डोहाळजेवण करतात! २०१७ ला व्हिटली, २०२४ ला व्हिटली गोल्ड, १ लाख पौंड. तो पैसा कामासाठी असतो, घर बांधायला नाही. आज दहा हजारांवर बायका सोबत आहेत.

टेकडीवर_रोज: त्यातल्या एकीचं नाव सांगा. गुगल न करता.

भूगोलवाली: नाही येत. पण पुरस्काराआधी मला हरगिलाही माहीत नव्हता.

निवृत्त_मास्तर: लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ साली नैनसिंह रावतांना सुवर्णपदक दिलं. कुमाऊँतले शाळामास्तर, आमच्याच जातकुळीतले. ब्रिटिशांसाठी तिबेटची गुपचूप मोजणी केली. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. टिपणं प्रार्थनाचक्रात दडवलेली. असं मोजत ल्हासा गाठलं. पाय त्यांचे, पदकही त्यांचंच.

टेकडीवर_रोज: सर, ल्हासा १८६६ साली, पदक १८७७ ला. मधल्या काळात छापील वृत्तांतात ते नुसते 'पंडित'.

मुठाकाठ: करकोच्याला निदान फोटो तरी आहे. मे महिन्यात विहिरीत टेप सोडून ओली खूण वहीत उतरवणाऱ्याला कोण पदक देतंय? तेही भूगोलच ना!

भूगोलवाली: हे मात्र पटलं. बाय द वे टेकडीवर, नावाड्याचं नाव काय?

टेकडीवर_रोज: तात्या म्हणायचे सगळे. रविवारी भिगवणला चाललोय, विचारतो.