आमच्या शाळेचा पट घसरतोय, काय करता येईल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमच्या तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे, मी पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत आहे. पट आता 17 वर आलाय. सकाळी साडेसातला इंग्लिश मिडियमची पिवळी व्हॅन आमच्याच गेटसमोर थांबते आणि समोरच्या गल्लीतली पोरं टाय लावून त्यात चढतात, बघवत नाही हो. गंमत म्हणजे आमची तिसरीतली पोरं धडाधड वाचतात, हातच्याची वजाबाकी करतात, पण हे बघायला कोण येतंय! त्यात तीन मुलांचं आधार मॅच होत नाही, त्यामुळे संचमान्यतेत (म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरतं त्यात) ती धरलीच जात नाहीत असं सर म्हणतात. आरटीईप्रमाणे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत ना, मग एक शिक्षक काढणार ही चर्चा कशी काय सुरू आहे?

कुणाच्या गावात पट परत वाढलाय का? नेमकं काय केलंत, घरोघरी फिरलात, सेमी इंग्लिश सुरू केलं की बालवाडी जोडली? आणि आधारचं आधी शाळेच्या रजिस्टरला दुरुस्त करायचं की आधार सेंटरला? जूनच्या आत काहीतरी करायचंय.