देवाकडे ज्ञान मागतोय, पण मनात येतं ते देवाकडचंच हे ओळखायचं कसं?

सलाम सगळ्यांना. वडील गेल्यापासून आम्हा दोघा भावांचं घराच्या वाटणीवरून बिनसलंय. मोठा म्हणतो आईला मी सांभाळलं, वरचा मजला माझा. मी रोज पहाटे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं १:५ हे वचन धरून प्रार्थना करतो, ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने मागावं, देव दोष न लावता देतो. पण प्रार्थनेनंतर मनात येतं ते दर वेळी माझ्याच बाजूचं, नोटीस पाठव, तुझा हक्क आहे वगैरे. हे प्रभू बोलतोय की माझंच मन? घर राहू दे, मला आता माझ्या आत्म्याचीच काळजी वाटायला लागलीय, चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस घ्यायलासुद्धा मन धजत नाही.

नगरची ताई: भाऊ, त्याच पत्राचा ३रा अध्याय १३ पासून शेवटपर्यंत वाचा. वरून येणारं ज्ञान आधी शुद्ध, मग शांतिप्रिय, सौम्य, दुसऱ्याचं ऐकून घेणारं, दयेनं भरलेलं. आणि जिथे मत्सर नि तट पाडणं आहे तिथलं ज्ञान सैतानाकडचं, इतकं सरळ लिहिलंय याकोबाने. मनात आलेली गोष्ट या एकेका शब्दापुढे ठेवून बघा. लूकच्या शुभवर्तमानाचा १२वा अध्याय पण बघाच, एक जण प्रभूला म्हणतो माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, प्रभू वाटणी करत नाही, लोभाला जपा म्हणतो.

वसईकर: आमच्याकडे कॅथलिकांमध्ये संत इग्नेशियस लोयोलांची शिकवण आहे यावर. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, घरी पडून होते तेव्हा कधी सरदारकीची, पराक्रमाची स्वप्नं बघायचे तर कधी संतांसारखं जगायचं मनात यायचं. दोन्हींत तेव्हा मजा वाटायची, पण पहिल्यानंतर मन कोरडं पडायचं आणि दुसऱ्यानंतर आनंद टिकून राहायचा. म्हणून विचार येतो त्या क्षणी निकाल लावू नका, तो ओसरल्यावर मागे काय उरतं ते बघा, रात्री झोपताना दिवसभराचं प्रभूपुढे आठवा. आणि मन खचलेलं असताना आधीचा चांगला निर्णय बदलायचा नाही हेही त्यांनीच सांगितलंय.

पुण्याहून: ताईंचं पटलं पण एक भर घालतो. शांती म्हणजे सगळं सोडून गप्प बसणं असं नाही. बायबलमध्ये १ राजे ३ मध्ये शलमोन राजाने देवाकडे ज्ञान मागितलं ते न्याय करता यावा म्हणूनच, आणि लगेच पुढे एकाच बाळावर हक्क सांगणाऱ्या त्या दोन बायकांचा निवाडा येतो. तुमचा हक्क असेल तर तो मांडणं पाप नाही, फक्त एकट्याने ठरवू नका. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय ६) विश्वासातला भाऊ भावाला कोर्टात खेचतोय म्हणून प्रेषित पौल चिडून विचारतो, तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा माणूस नाही का? तुमच्या चर्चच्या मंडळीतला असा कोणीतरी वडीलधारा शोधा जो दोघांच्या घरचं जेवलाय आणि ज्याला यातून काही मिळणार नाही. आईलाही विचारा की, तिचं काय म्हणणं आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता: आईला कोणीच विचारलेलं नाही हे खरंय. आज संध्याकाळी तिच्याजवळ बसतो. नोटीस तूर्त थांबवलीय, रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांशी बोलेन, पण मधे कोणी बसायचं ते नाव मोठ्यालाच सुचवू देतो. वसईकर, रात्रीची ती प्रार्थना नेमकी कशी करतात ते जरा लिहाल का?