वापरलेल्या केसेस (काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळ्या) परत भरायच्या आधी नक्की काय काय करता?

उभा_ग्रुप
मंडळी, .३०८ विंचेस्टरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, फक्त पेपर टार्गेटसाठी. १०० मीटरला ग्रुप (गोळ्यांच्या छिद्रांचा झुबका) मस्त बसतो, पण ३०० ला गेलं की एखादी गोळी वर एखादी खाली, आडवा पसारा फारसा नाहीच, सगळा उभाच. पावडर प्रत्येक वेळी वजन करूनच टाकतो, बुलेट आणि प्राइमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) एकाच लॉटचे, त्यामुळे संशय केसेसवर आहे. दोन-तीन कंपन्यांच्या एकत्र झाल्यात, काही एकदाच उडालेल्या, काही चार-पाच वेळा. साइझिंग (फुगलेली केस दाबून परत मापात आणणं) फुल लेन्थ डायने, म्हणजे पूर्ण केस दाबणाऱ्या साच्याने, डाय शेलहोल्डरला (केसचं बूड धरणारा भाग) टेकवून वर थोडी आणखी फिरवतो, डायच्या कागदावर तसंच लिहिलंय म्हणून. अजून एक, बुलेट बसवताना काही केसमध्ये हँडलला चांगला जोर लागतो आणि काहीत लोण्यात सुरी जावी तशी जाते. सुरुवात कुठून करू? नेक टर्निंगचं (नेक म्हणजे केसचं बुलेट धरणारं तोंड, ते बाहेरून तासून सारख्या जाडीचं करायचं) टूल घेऊन टाकू का?

पितळवेडा
टूल राहू द्या आत्ता. तुमचं उत्तर त्या हँडलच्या जोरातच आहे. नेक बुलेटला कुठे घट्ट कुठे सैल धरत असेल तर वेग कमीजास्त होणार, १०० ला तो फरक झाकला जातो, ३०० ला उभा दिसायला लागतो.

आधी केसेस कंपनीप्रमाणे आणि किती वेळा उडाल्यात त्याप्रमाणे वेगळ्या करा. वेगळ्या कंपनीच्या केसची भिंत जाड-पातळ असते, म्हणजे आतली जागा वेगळी, त्याच पावडरला दाब वेगळा. आणि पितळ दर वेळी फुगतं, डायमध्ये दाबलं जातं, त्यात ते कडक होत जातं. कडक नेक साइझ केल्यावर स्प्रिंगसारखी थोडी परत उघडते, म्हणून पाच वेळा उडालेली आणि एकदा उडालेली एकाच डायमधून काढली तरी पकड सारखी येत नाही. यावर इलाज अ‍ॅनीलिंग, म्हणजे नेक तापवून पितळ परत मऊ करणं, आणि ते शक्यतो प्रत्येक फायरिंगनंतर, सगळ्यांना सारखंच.

दुसरं, ते डाय टेकवून वर आणखी फिरवणं बंद करा प्लीज. ती सेटिंग कुठल्याही रायफलमध्ये काडतूस बसावं म्हणून असते, तुमच्या चेंबरपेक्षा (रायफलमधली काडतूस बसायची जागा) शोल्डर, म्हणजे नेकखालचा केसचा उतार, बरंच मागे ढकललं जाऊ शकतं. मग दर वेळी केस ताणली जाते आणि बुडाच्या थोडं वर आतून पातळ होत जाते. बाहेरून तिथे चकचकीत गोल रेघ दिसली, किंवा टोक वाकवलेली पेपरक्लिप आतून फिरवताना खाचेत अडकली, तर ती केस तिथेच बाद, वाद नाही.

कॅलिपरला कंपॅरेटर (बुडापासून शोल्डरपर्यंतचं अंतर मोजायची जोडणी) लावून उडालेली केस मोजा, पण प्राइमर काढून, नाहीतर वर आलेला प्राइमर रीडिंग बिघडवतो. मग डाय थोडी थोडी खाली घेत शोल्डर १ ते २ थाऊच मागे न्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). खात्री करायची तर बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर (केस बाहेर फेकणारा स्प्रिंगचा भाग) काढा, साइझ केलेली रिकामी केस चेंबरमध्ये घाला, बोल्टचं हँडल स्वतःच्या वजनाने खाली पडायला पाहिजे. मधेच अडलं तर अजून किंचित. मला तरी आकड्यापेक्षा या हँडलवर जास्त भरोसा वाटतो.

उभा_ग्रुप
खूप धन्यवाद दादा, हे कुणी इतकं नीट सांगितलंच नव्हतं. अ‍ॅनीलिंग टॉर्चने चालेल का? आणि लगेच पाण्यात टाकायची म्हणतात ते खरं का?

पितळवेडा
चालेल. नेक आणि शोल्डरच तापवायचं, बूड कधीच नाही, बूड मऊ झालेली केस उडवणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ. तापमान दाखवणारं लॅकर मिळतं, नेकच्या आत ७५० फॅरनहाइटवालं लावतात, साधारण ४०० सेल्सिअस. ज्योतीत केस फिरत राहिली पाहिजे आणि सगळ्यांना वेळ तेवढाच. पाण्यात टाकून पितळ कडकही होत नाही मऊही होत नाही, ते पोलादाचं गणित, इथे पाण्याने फक्त उष्णता बुडाकडे उतरायची थांबते. आणि पाण्यात टाकल्या तर नंतर पूर्ण वाळवा.

ट्रिमर_हातात
थोडी भर घालतो. साइझिंगनंतर लांबी मोजा, आधी नाही, कारण साइझ करतानाच केस लांबते. .३०८ ला कमाल २.०१५ इंच, ट्रिम (तोंड कापून लांबी कमी करणं) २.००५ ला. ट्रिमनंतर आतून-बाहेरून कड हलकी मारा, धार ठेवली तर बुलेटचं जॅकेट खरवडतं. ल्यूब बोटाने पातळ, शोल्डरवर जास्त साठला की खळगा पडतो, आणि अजिबात नसला तर केस डायमध्ये अडकून बसते. डायमधला एक्स्पांडर बॉल (नेक आतून उघडणारा गोळा) नेक बाहेर ओढताना वाकडी करू शकतो, जमलं तर बॉल काढून वेगळ्या मँड्रेलने (ठराविक मापाची गुळगुळीत दांडी) नेक उघडा, पकड २ थाऊच्या आसपास ठेवा, म्हणजे नेकचं आतलं माप बुलेटपेक्षा तेवढं लहान.

स्टीलच्या पिन टाकून ओलं टम्बलिंग (फिरत्या डब्यात केसेस घासून साफ करणं) करत असाल तर नेक आतून इतकी कोरी होते की बुलेट चिकटल्यासारखी बसते, आत जरासा कोरडा ग्रॅफाइट लावला की हँडलचा जोर सगळीकडे सारखा लागतो. कोरडं टम्बलिंग घरात करू नका, प्राइमरच्या काजळीत शिसं असतं आणि ती धूळ उडते. काम झालं की हात साबणाने धुवा, मुलंबाळं असतील तर जास्तच जपून.

नेक टर्निंगबद्दल, फॅक्टरी चेंबर असेल तर फायदा थोडा आणि मेहनत फार. त्यापेक्षा बॉल मायक्रोमीटरने नेकची जाडी चारी बाजूंनी मोजा, २ थाऊपेक्षा जास्त फरक असलेल्या केसेस सरावाला टाका. आणि नवा प्राइमर बसवताना अंगठ्याला काहीच विरोध जाणवला नाही तर पॉकेट (प्राइमर बसायचा बुडातला खळगा) सैल झालंय, ती केस सरावालाही नको, चिमट्याने चेपून थेट भंगारात.