दिवसाला पन्नास रुपयांत कोण घरी बसतं?

रानवारा
काल एकांनी लिहिलं, "लाडकी बहीण आल्यापासून कामवाल्या माजल्यात. सरकार घरबसल्या पैसे देतंय, मग भांडी कोण घासणार?" खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

योजनेचे महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला पन्नास. तेवढ्यावर कोण घरी बसतं? आणि त्या आधारावर एखादीने चार घरांतलं एक सोडलंच असेल, तर नेमकं तेच का सोडलं, हे त्या घराने स्वतःला विचारावं. २००८ साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आहे, मंडळ आहे, पण आठवड्याच्या सुट्टीचा हक्क नाही. कारखान्यात ती हक्काची असते. आपल्या घरात तिला खाडा म्हणतात आणि पैसे कापतात.

सरळरेष
मालकाला शिव्या घालणं सोपं आहे. माझी आई ८२ वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. बाई न सांगता चार दिवस आल्या नाहीत, फोन बंद. मी ऑफिस बुडवून आईचे डायपर बदलले. वर वीस हजारांची उचल दिलेली. माझ्या आईने कुठे दाद मागायची? आम्हीही नोकरदारच आहोत, आमचे पगार कोण वाढवतंय?

पोळपाट
दादा, आईंचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण 'बाई', 'मावशी' हे शब्द वाचले की माझं डोकं फिरतं. माझी आई धुणंभांडी करायची. सगळ्या घरांत ती 'आमच्या घरच्यासारखी मावशी'. टायफॉइडने आडवी झाली तेव्हा घरच्यांपैकी एकही फिरकलं नाही. एक फोन आला, "बदली कुणी मिळेल का?" आणि महिनाअखेरीस अकरा दिवस कापले. सख्ख्या मावशीचे दिवस कापता का कुणी?

अंगणातली
हे फार होतंय. पन्नाशीच्या बाईला मग नुसत्या नावाने हाक मारायची? तोच खरा उद्धटपणा. आमच्याकडे मुलांना मावशी म्हणायला शिकवलंय, त्यात आदर आहे.

पोळपाट
नावापुढे ताई लावता येतं. त्यासाठी नाव माहीत लागतं. तुमच्या मावशींचं आडनाव सांगता येईल तुम्हाला?

अंगणातली
माझ्या घरातलं तुम्हाला काय ठाऊक? त्यांच्या मुलीची कॉलेजची फी मी भरते! आणि इथे बसून मला आदर शिकवताय?

पोळपाट
फी भरता, चांगलंच करता. पण ती तुमची मर्जी. उद्या बिनसलं की फी बंद, मुलगी घरी. तेच पैसे पगारात दिलेत तर ती माउली स्वतः भरेल आणि कुणाच्या उपकाराखाली राहणार नाही. आडनाव अजून आलं नाही.

हिशेबनीस
मावशी की ताई, यात सुट्टीचा मुद्दा बुडाला. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी करार केला, त्यात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती आहे. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं केंद्राला सांगितलं. या सगळ्यात दीड हजारांची योजना कुठे येते? राग योजनेचा नाही. समोरची बाई "जमणार नाही" म्हणू लागली, त्याचा आहे.

सरळरेष
माझा राग कशाचा ते मला कळतं, तुम्ही सांगू नका. काल त्यांना विचारलं. मुलगा दवाखान्यात होता, फोनचा रिचार्ज संपलेला. कुणाकरवी तरी निरोप धाडायला हवा होता, यावर मी ठाम आहे. उचल पगारातून वळती होणारच. ते चार दिवस कापले नाहीत. रविवारची सुट्टीही देतोय, पण रविवारी आईजवळ मी एकटाच असेन, हे पण लिहा कुणीतरी तुमच्या कायद्यात.