समुदाय सहभाग प्रकल्प (एस.वाय.बी.ए.): ६० तास कसे बसवायचे?

कलाशाखा
तालुक्याच्या गावातलं छोटं शासकीय कला महाविद्यालय, दुसऱ्या वर्षाला ३२ मुलं. चौथ्या सत्रात २ क्रेडिटचा, म्हणजे ६० तासांचा, समुदाय सहभाग प्रकल्प भूगोल, मराठी आणि अर्थशास्त्र मिळून घेणार आहोत. शेजारच्या गावात घरोघरी फिरायचं ठरतंय, ४० प्रश्नांची प्रश्नावली तयार आहे. वेळापत्रक कसं लावावं? राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) शिबिराचे तास यात धरता येतील का?

मोजपट्टी
शेवटचा प्रश्न आधी. रासेयोचे वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर हा वेगळा हिशोब आहे. विद्यापीठाच्या परिपत्रकात स्पष्ट मुभा नसेल तर एकच तास दोन्हीकडे दाखवू नका.

४० प्रश्न मात्र सोडून द्या. एका घराला पाऊण तास लागतो आणि निम्म्यानंतर लोक सुटका करून घेण्यासाठी उत्तरं देतात. कुटुंबाची बरीचशी माहिती आशाताई आणि अंगणवाडीच्या नोंदींत असतेच. आधी सरपंच आणि ग्रामसेवकांना विचारा, तुम्हाला कोणती माहिती हवी आहे आणि ती कुणाकडेच नाही? त्यातला एकच प्रश्न घ्या. मग तास असे बसतात: वर्गात तयारी ८, गावाची ओळख ६, प्रत्यक्ष काम २६, तक्ते आणि लेखन १२, गावासमोर मांडणी ८.

कलाशाखा
सरपंच पाण्याबद्दल बोलले होते. विहिरींची पातळी मोजणं आर्ट्सच्या मुलांना जमेल?

भूगोल_विभाग
नक्की जमेल, आणि चौथं सत्र त्याला सोयीचं आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्ही जानेवारी आणि मार्च धरा, म्हणजे आकडे त्यांच्याशी ताडता येतील. चौघांचे आठ गट, प्रत्येकी तीन विहिरी.

स्टीलच्या टेपला खाली वजन बांधा आणि खालच्या मीटरभर भागाला खडू फासा. टेप पाण्यात सोडून कठड्याच्या कडेवर पूर्ण मीटरचा आकडा धरा, समजा १२. वर ओढल्यावर खडू ०.४० मीटर ओला दिसला, तर पाणी कडेपासून ११.६० मीटरवर. कठडा ०.८५ मीटर उंच असेल तर जमिनीपासून १०.७५. कठड्याची उंची वजा करायची बऱ्याचदा राहून जाते, म्हणून नोंदवहीत तिचा वेगळा रकाना ठेवा. ज्या जागेवरून मोजलं तिथे रंगाची खूण करा. मार्चमध्ये दुसरीकडून मोजलं तर फरक पाण्याचा की कठड्याचा, कळणार नाही.

मोजायचं सकाळी, मोटार सुरू होण्याआधी. उपसा चालू असताना घेतलेला आकडा खोटा खोल येतो. कठडा नसलेली विहीर यादीतून काढा. विहिरीत कुणीही उतरायचं नाही, यात सूट नको.

बोलीवेडी
मराठी विभागाला नुसतं अहवालाचं शुद्धलेखन देऊ नका. प्रत्येक विहिरीचं नाव, ते कसं पडलं, पूर्वी पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरायचं, हे म्हाताऱ्या माणसांकडून नोंदवा, विशेषतः पाणी भरणाऱ्या बायकांकडून. त्या दिवसा शेतात असतात, म्हणून संध्याकाळी सहानंतर जा. मात्र मुलींच्या परतीच्या एसटीची वेळ आधी बघा. रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्या आणि तीही रेकॉर्ड करा. एका माणसाचं २० मिनिटांपेक्षा जास्त नको, कारण तासाभराचं बोलणं जसंच्या तसं उतरवायला पाच-सहा तास सहज जातात आणि तिथेच असे प्रकल्प अर्धवट पडतात. बोलीतला शब्द प्रमाण भाषेत बदलून लिहू नका.

मोजपट्टी
गुणांचं आधीच ठरवा. ५० पैकी निदान २० नोंदवहीला द्या, नाहीतर सगळे शेवटच्या आठवड्यात एकमेकांचे अहवाल उतरवतात. नोंदवहीत तारीख, वेळ, काय केलं आणि सही त्याच दिवशी हवी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांना जानेवारीत अडचण येते, त्यांना तक्त्यांचं काम द्या.

मांडणी १ मेच्या ग्रामसभेत करा. विषय कार्यसूचीवर यावा म्हणून ग्रामसेवकांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच लेखी पत्र द्या. तोवर परीक्षा, सुट्टी सुरू झालेली असते, तेव्हा बोलणारी चार मुलं आत्ताच नक्की करा. विहिरींचा तक्ता मोठ्या अक्षरांत ग्रामपंचायतीत लावायला द्या आणि एक प्रत ग्रंथालयात ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीची मुलं त्याच खुणेवरून मोजतील.